भाऊजींची रिकामी गाडी

माझे भाऊजी न्हाव्याकडे जाण्याआधी आरशात बघून नीट भांग पाडतात. डॉक्टरांकडे तापाची गोळी खाऊन जातात आणि तिथे खुर्चीत बसून सांगतात, आता तसं बरं वाटतंय. दुसऱ्याच्या दारात अजागळासारखं उभं राहायचं नाही, हे त्यांचं तत्त्व. माझ्या ताईने हे तत्त्व बावीस वर्षं सांभाळलं. मी तीन आठवड्यांत हात टेकले.

भाऊजी शिलाई मशीन दुरुस्त करतात. घरातली छोटी नव्हे, कारखान्यातली, ओतीव लोखंडाची, जी उचलताना चांगल्या माणसाची कंबर बोलायला लागते. बिघडलेलं मशीन सुरू होईपर्यंत तिथलं काम थांबू नये म्हणून ते बदली मशीन सोबत घेऊन फिरतात. त्यामुळे त्यांच्या व्हॅनमध्ये कायम दहा-बारा मशीन, मोटारी आणि लोखंडी स्टँड. शेजारच्या सीटवर ताई. मशीन उघडायचं भाऊजींनी, पण सुई आणि दोरा पकडणारा खालचा हूक यांचा मेळ जुळवायचा ताईने, कारण भाऊजींना जवळचं दिसत नाही आणि चष्मा त्यांना टोचतो.

गेल्या वर्षी ताईच्या मणक्याचं ऑपरेशन झालं. तेव्हापासून गाडीही मागून बसायला लागली. गतिरोधक आला की मागचा भाग धाडकन आपटायचा आणि ताई दारावरची मूठ घट्ट धरून डोळे मिटून घ्यायची. शेवटी आता डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं, महिन्याभरात या हादऱ्यांचा बंदोबस्त करा, नाहीतर बाई, तुमचं फिरणं बंद. ताई घरी बसली असती तर धंदा अर्धा झाला असता, ते एक वेळ परवडलं. पण एकदा तापाने आठ दिवस घरी बसली तेव्हा तिने चांगली चालणारी तीन घड्याळं उघडून ठेवली होती. तिला घरी बसवायची कल्पनाच मला सहन होईना.

माझं दुकान गाड्यांच्या पाट्यांचं. पाटे म्हणजे चाकाच्या वर कमानीसारख्या बसवलेल्या पोलादी पट्ट्या. गाडीचं सगळं वजन त्या झेलतात. भाऊजींना म्हटलं, गाडी घेऊन या. ते आले. गाडी धुतलेली, पायपुसणी झटकलेली, मागे एक स्क्रूसुद्धा नाही.

"भाऊजी, माल कुठाय?"

"उतरवला. एवढा पसारा घेऊन तुझ्या दुकानात कुठे येऊ?"

मी समजावलं. पाटे वजन बघून निवडायचे असतात. कमी पडले तर गाडी बसते, जास्त झाले तर दगडासारखी कडक होऊन उडते. म्हणून विचारलं, एरवी माल किती असतो? म्हणाले, असतो आपला थोडाफार. या थोड्याफारच्या अंदाजावर मी दोन्ही बाजूंना एकेक जादा पाटा टाकला. चार दिवसांनी ताईचा फोन आला की गाडीचं शेपूट अजून खालीच आहे.

दुसऱ्या खेपेला भाऊजी सल्ल्यांचं पोतं घेऊन आले. शेजारच्याने सांगितलं होतं, ट्रकचे पाटे टाक. कुणी म्हणालं होतं, हवा भरायचे रबरी फुगे बसव. त्यांना स्वतःला सगळंच हवं होतं. मी म्हटलं, पाटे वाढवले म्हणून गाडीची ताकद वाढत नाही, ब्रेक तेच, सांगाडा तोच. आधी मला वजन कळू द्या. आणि वळून बघतो तर गाडी पुन्हा रिकामी! मी कपाळाला हात लावला. शेवटी सांगितलं की माल भरा, वजनकाट्यावर जा, चिठ्ठी आणा. चिठ्ठी आणली. लग्नपत्रिकेसारखी पाकिटात घालून आणली आणि येताना वाटेत घरी थांबून माल उतरवून आले.

नशिबाने वजन गाडीच्या कागदांवरच्या मर्यादेच्या आत होतं. चिठ्ठीप्रमाणे मी जाड पाट्यांचा अख्खा जोड आणि हादरे जिरवणारे नवे शॉकअप बसवले. हिशेबात कुठे चूक नव्हती. आठवड्याने ताईचा फोन आला.

"अरे, आता फळीवर बसल्यासारखं वाटतं. आणि मोठा गतिरोधक आला की मागून आपटतंच. काल ह्यांनी मला धरून उतरवलं. दहा दिवस राहिलेत."

ताई कधी कुरकुर करत नाही. त्या रात्री मला जेवण गेलं नाही. काटा खोटं बोलत नव्हता, पाटे चांगले होते, मग चुकत होतं कुठे? सकाळी आठला, न कळवता, मी त्यांच्या दारात जाऊन उभा राहिलो. न कळवता गेलो म्हणूनच ती गाडी मला पहिल्यांदा भरलेली दिसली.

सगळी मशीन मागच्या दाराला खेटून रचलेली होती, मागच्या चाकांच्याही मागे. आणि पुढे, ताईच्या सीटच्या पाठीमागे, खाट मावेल एवढी जागा मोकळी. सी-सॉच्या एका टोकाला पहिलवान बसवावा तसं ते सगळं लोखंड मागे लोंबत होतं. माझे पाटे काय करणार होते, कपाळ?

"ही जागा मोकळी कशाला सोडलीत?" मी जवळजवळ ओरडलोच.

भाऊजींनी फडक्याला हात पुसले. ताई घरात आहे ना, ते बघून घेतलं.

"ब्रेक मारला आणि एखादं मशीन पुढे आलं तर? तिची पाठ सीटलाच टेकलेली असते."

"कधीपासून असं भरताय?"

"ऑपरेशन झाल्यापासून."

मला खूप राग आला होता, पण तो कुणावर काढावा ते कळेना. ज्या माणसाने वर्षभर रोज बायकोची पाठ जपली, त्यानेच ती रोज आपटवली होती. हे मी त्यांना सांगितलं नाही. मशीन जरा पुढे घेऊ, एवढंच म्हणालो.

सीटमागे जाड लोखंडी जाळी ठोकली, गाडीच्या तळाशी बोल्टने आवळून. मशीन मागच्या चाकांच्या पुढे, खाली, पट्ट्यांनी बांधली. मी टाकलेल्या जाड पाट्यांतला एकेक काढून टाकला, शॉकअप राहू दिले. भरलेली गाडी चारचौघांत उभी आहे म्हणून भाऊजी सारखे तिच्यावर कापड ओढत होते. मग ताईला बसवून चक्कर मारली. मी मागे, मशीनच्या शेजारी, जाळी धरून उकिडवा. गतिरोधक दिसताच भाऊजींनी गाडी मुंगीच्या चालीवर आणली. मागचे गाडीवाले हॉर्न वाजवून हैराण.

"अहो, चालवा की," ताई म्हणाली. "मी काचेचं सामान नाहीये."

गाडी गेली. नुसती वर झाली आणि खाली आली. पुढच्या गतिरोधकाला ताईने मुठीवरचा हात काढून मांडीवर ठेवला. भाऊजी रस्त्याकडे कमी आणि त्या हाताकडे जास्त बघत होते.

डॉक्टरांनी दहाव्या दिवशी तिला तपासलं आणि फिरायची परवानगी दिली.

पाटे बसवले की काही दिवसांनी त्यांचे बोल्ट पुन्हा आवळावे लागतात, भरल्या गाडीत. मी फोनवर तीन वेळा बजावलं, भाऊजी, भरून आणा. हो म्हणाले. आले तेव्हा टायर ओले, काचा लखलखीत, जाळीमागे काही म्हणजे काही नाही. पुढच्या सीटवर मात्र सुयांची डबी मांडीवर घेऊन ताई बसलेली होती.

मी काही बोलायच्या आत भाऊजी म्हणाले, "हिलाही म्हटलं होतं उतर म्हणून. उतरली नाही."