काही अडचण नाही, साहेब

माझे मामा सैन्यातून निवृत्त झाले आणि माजी सैनिकांसाठी राखून ठेवलेल्या जागेवर सरकारी नोकरीत लागले. काम काय मिळालं, तर अशाच राखीव जागांवर लागलेल्या बाकीच्या माजी सैनिकांचं बरं चाललंय ना, यावर लक्ष ठेवायचं. मामीला याचं फार हसू यायचं. "सरकारनं ह्यांना नोकरी दिली, आणि नोकऱ्या नीट दिल्यात का ते बघायलाही ह्यांनाच बसवलं," असं ती येईल त्याला सांगायची.

मी तेव्हा शिक्षणासाठी त्यांच्याकडे राहायचे. मामा स्वतःच्या बुटांबरोबर माझ्या चपलांनाही पॉलिश करून ठेवायचे, आणि कॉलेजात त्या चकाकणाऱ्या चपला लपवता लपवता माझ्या नाकी नऊ यायचे. माणूस असा होता. दिलेलं काम करायचं आणि वर थोडं जास्त करायचं.

कचेरीत त्यांची खोली बंद पडलेल्या लिफ्टच्या शेजारी होती. एक टेबल, एक फोन, पत्र्याचं कपाट. दर तीन महिन्यांनी ते एकेका खात्यात फोन लावून तिथल्या माजी सैनिकाला फोनवर बोलावून घ्यायचे आणि विचारायचे, "काही अडचण?" पलीकडून उत्तर यायचं, "नाही साहेब." मामा 'समाधानकारक' असं लिहायचे. त्यांचे वरिष्ठ खूश, वरिष्ठांचे वरिष्ठ त्याहून खूश. मामांचाही त्या उत्तरांवर मनापासून विश्वास होता, हे मला मुद्दाम सांगायला हवं. फसवणारा माणूस नव्हता तो.

सैन्यात त्यांच्याबरोबर ट्रकच्या तुकडीत एक दोस्त होता. सगळे त्याला 'पाना' म्हणायचे, कारण पाना हातात नसला की त्याला करमत नसे. इंजिनाचा नुसता आवाज ऐकून तो दुखणं सांगायचा. तो निवृत्त झाल्यावर मामांनी त्याच्यामागे लागून अर्ज करायला लावला आणि सरकारी गाड्यांच्या वर्कशॉपमध्ये त्याला राखीव जागेवर मेकॅनिकची नोकरी लागली. रुजू व्हायच्या आदल्या दिवशी पाना आमच्याकडे येऊन नवी हत्यारांची पिशवी दाखवून गेला. मी त्याला विचारलं, "काका, सरकार हत्यारं देत नाही का?" तो म्हणाला, "देतं. पण ती सरकारची असतात."

ती पिशवी वर्कशॉपमध्ये एकदाही उघडली गेली नाही. तिथल्या फोरमनला ती जागा स्वतःच्या पुतण्यासाठी हवी होती. त्यानं पानाला टायरांच्या गोदामाच्या दाराशी खुर्ची दिली आणि किल्ल्या सांभाळायला सांगितलं. इंजिनाला हात लावू दिला नाही. येणारेजाणारे त्याला 'आयत्या जागेवरचे' म्हणायचे. हे सगळं आम्हाला फार उशिरा कळलं. मामांचा फोन मात्र वेळच्या वेळी जात होता.

"काही अडचण?"

"नाही साहेब."

घरी येऊन मामा हसत सांगायचे, "ऑफिसच्या फोनवर मलासुद्धा साहेब म्हणतो, गाढव."

वर्षभरानं पानानं राजीनामा दिला. राखीव जागेचा हक्क आयुष्यात एकदाच मिळतो. घेतलेली नोकरी सोडली की तो संपला, पुन्हा रांगेत उभं राहता येत नाही. हे पानालाही ठाऊक होतं. मामा त्या दिवशी जेवले नाहीत. "मला एका शब्दानं सांगू नये? मी मग तिथे कशाला बसलोय?" असं म्हणत ते घरभर फिरत राहिले.

मामी त्यांच्या गुडघ्याला लावायला तेल कोमट करत होती. ती म्हणाली, "अहो, गुडघा दुखतोय का असं मी विचारलं तर तुम्ही काय सांगता?"

"दुखत नाही म्हणून सांगतो."

"म्हणूनच मी ते विचारत नाही. जिना चढताना आज कितीदा थांबलात, ते विचारते."

मामा खाली बसले. मग त्यांनी आम्हाला बराकीतली तपासणी सांगितली. मोठा अधिकारी रांगेसमोरून चालत जातो आणि विचारतो, काही अडचण? बूट फाटलेला असो, पांघरूण ओलं असो, अख्खी रांग नाही म्हणते. कुणी हो म्हटलं तर अधिकारी निघून जातो आणि हवालदार तिथेच असतो. "मी जन्मभर तेच उत्तर दिलं," मामा म्हणाले. "आणि तोच प्रश्न त्याच आवाजात ह्या लोकांना विचारत बसलो."

त्यानंतर त्यांनी प्रश्न बदलला. ते विचारू लागले, "आज सकाळपासून काय काम केलंत?" मग एकेक बाहेर यायला लागलं. वायरलेस चालवणारा माणूस चहा पोचवत होता. नकाशे काढणाऱ्याला खुर्च्या मोजायला बसवलं होतं. मामांचा अहवाल बिघडला, वरिष्ठांची बोलणी बसली, पण चारदोन जणांना त्यांच्या जोगं काम मिळालं. मला मामांचा अभिमान वाटला. त्यांना स्वतःला मात्र काही वाटत नव्हतं, कारण पानाला भेटायचं धाडस त्यांना होत नव्हतं.

शेवटी एका रविवारी ते मला सोबत घेऊन गेले. पाना एका मोठ्या सोसायटीच्या फाटकावर रखवालदार होता. गणवेश खांद्यांवर सैल पडत होता. मामांना बघून तो उठला. हसला, पण थोडाच.

मामांनी विचारलं, "आज सकाळपासून काय केलंस?"

"फाटक उघडलं. बंद केलं."

तेवढ्यात एक गाडी आली. पानानं फाटक उघडलं आणि गाडी जाईपर्यंत मान तिरकी करून ऐकत राहिला. "पट्टा गेलाय हिचा," तो म्हणाला. "आठवडाभरात रस्त्यात बंद पडेल."

"मालकाला सांगितलंस?"

"त्यानं विचारलं नाही."

तो कडी लावत होता, आमच्याकडे त्याची पाठ होती. आम्ही बसनं परत आलो. घराचा जिना चढताना मामा मधल्या पायरीवर कठडा धरून थांबले आणि मला म्हणाले, "मी तर दर वेळी विचारत होतो गं."