अठ्ठीची जोडी

पोकरच्या पुस्तकांना मी खाकी कव्हरं घातली होती. आईने विचारलंच तर ऑफिसच्या परीक्षेचा अभ्यास आहे असं सांगायचं ठरवलं होतं, पण तिने कधी विचारलं नाही. पुस्तकं जाडजूड, इंग्रजी, अर्धी गणिताची. टेबलावर आपली जागा कोणती, त्यावरून कुठले दोन पत्ते खेळायचे आणि कुठले टाकायचे, समोरच्याने अचानक खूप चिप्स लावल्या तर काय समजायचं, हे सगळं त्यांत कोष्टकांसकट होतं. मी ते पाठ केलं. पाठ करणं मला शाळेपासून जमतं.

ऑनलाइन पोकर मला आवडायचं, कारण तिथे कोणाला माझं तोंड दिसत नव्हतं. चार माणसांत बोलायची वेळ आली की माझे कान गरम होतात. फोनवर मात्र मी फक्त एक टोपणनाव आणि मांजराचं चित्र होते. अंधेरी, मुलुंड, घाटकोपर असे विखुरलेले आम्ही आठ-दहा जण रविवारी दुपारी खेळायचो. पैसे नाहीत, नुसत्या फुकटच्या चिप्स. सुरुवातीला मी सगळ्यांत आधी बाहेर पडायचे. पुस्तकं वाचायला लागल्यावर शेवटच्या तिघांत यायला लागले. गट चालवणारा दादा पवईला नोकरीला होता. एकदा त्याने चॅटवर लिहिलं, "मांजर सुधारलं." ते दोन शब्द मी दिवसभर उघडून बघत होते.

मग मीच माझ्या मावसबहिणीला गटात आणलं.

ती बोरीवलीला राहते, डोळ्यांच्या दवाखान्यात रिसेप्शनला असते. माझ्याहून काही महिन्यांनी मोठी. लहानपणी सुट्टीत त्यांच्याकडे जमलो की मेंढीकोट व्हायचा. चौघांचा खेळ, समोरासमोर बसणारे दोघं एकमेकांचे भिडू, ज्या जोडीकडे जास्त दश्शा ती जिंकली. ती आणि मी कायम भिडू. तिला कधी पत्ते मोजताना मी पाहिलं नाही. गप्पा मारत, शेंगा खात, कोणाची तरी टर उडवत ती बरोबर तोच पत्ता टाकायची.

पोकरचे नियम मी तिला एका संध्याकाळी समजावले. पुस्तक पुढे केलं तर म्हणाली, "हे तू वाच आणि मला गोष्ट सांग." दोन रविवार ती हरली. तिसऱ्या रविवारपासून हरायची थांबली. ज्या पत्त्यांना पुस्तकात सरळ कचरा म्हटलेलं आहे, त्यांवर ती जिंकायची. वर चॅटवर सगळ्यांशी दंगा. ज्यांना दादा-ताई म्हणायला मला महिने लागले, त्यांना ती आठवड्याभरात अरे-तुरे करत होती. दादाने तिच्याबद्दल लिहिलं, "ही जन्मजात आहे यार." माझ्याबद्दल 'सुधारलं' आणि तिच्याबद्दल 'जन्मजात'. तिने मला त्याचा स्क्रीनशॉट पाठवला, सोबत हसून लोळणारे चेहरे. मीही दोन चेहरे पाठवले. मग फोन उलटा ठेवला.

तेवढ्यात दुसऱ्या काही गटांशी ऑनलाइन सामने ठरले. आमच्याकडून चौघं खेळणार होते. तीन नावं उघडच होती. चौथ्या जागेसाठी दादाने सांगितलं, पुढच्या रविवारी आम्हा दोघींपैकी जिच्या चिप्स जास्त उरतील ती. मला ती जागा हवी होती. शाळेत कोणी मला कुठल्या संघात आपणहून घेतलं नव्हतं. उरलेली म्हणून घ्यायचे.

त्या रविवारी मावशीने जेवायला बोलावलं होतं, त्यामुळे आम्ही दोघी एकाच खोलीत खेळत होतो. ती दिवाणावर पाय वर घेऊन, मी खिडकीशी खुर्चीत. एकमेकींचा फोन दिसणार नाही अशा. आणि मी जिंकत होते. दुपारभर पुस्तक जसं सांगतं तसंच घडत होतं. मी चिप्स वाढवल्या की ती पत्ते टाकून द्यायची. अभ्यासापुढे शेवटी जन्मजात वगैरे टिकत नाही, असं मला वाटायला लागलं होतं. छान वाटत होतं, खोटं कशाला बोलू.

एका डावात माझ्याकडे राण्यांची जोडी होती. टेबलावर सगळ्यांसाठी उघडलेल्या पत्त्यांत एक राजा, बाकी फुटकळ. मी बऱ्याच चिप्स लावल्या आणि तिची खेळी यायची होती, तेवढ्यात मावशीने आतून घावनांची ताटली न्यायला हाक मारली. स्वयंपाकघराकडे जाताना मी तिच्या मागून गेले. बघायचं नव्हतं, पण दिसलं. तिच्या हातात दोन राजे होते. टेबलावरचा धरून तीन. माझ्याकडे त्याला उत्तर नव्हतं. तिच्या अंगठ्याने शांतपणे फोल्ड दाबलं, पत्ते टाकून दिले.

"हे काय केलंस?"

"काय?"

"तीन राजे होते तुझ्याकडे."

तिने मान वर केली नाही. "मग काय तुझ्यावर लावू? भिडू आहेस ना माझी."

"यात भिडू नसतात."

"तुझ्या पुस्तकात नसतील."

मी विचारलं, आज असं किती वेळा केलंस. तिने मोजलं नव्हतं. मी म्हटलं याला फसवणूक म्हणतात, तर तिला हसू आलं. कोणाला फसवलं, म्हणाली, जागा तुला पायजे, मला तिथे जाऊन काय करायचंय. ती हे अगदी प्रेमाने बोलत होती. जी गोष्ट मिळावी म्हणून मी कोष्टकं घोकत बसले होते, ती तिला नको होती, आणि नको असूनही तिच्याकडे होती, आणि ती मला देऊन टाकत होती. घावनांची ताटली मी तिच्यापुढे जरा जोरातच ठेवली.

"नीट खेळ. नाहीतर मी आत्ता गटातून निघते."

तिने पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिलं. "बघ हां. नंतर तोंड पाडून बसायचं नाही."

त्यानंतर फार वेळ लागला नाही. तीन-चार डावांतच तिच्या चिप्स माझ्यापेक्षा जास्त झाल्या. माझ्याकडे बदाम राणी आणि गुलाम आले. टेबलावर एक्का, राजा, नव्वी उघडली. एक दश्शी आली असती तर माझी सलग पाच पत्त्यांची रांग झाली असती. चौथा पत्ता चौकी, पाचवा दुर्री. हातात काहीच नव्हतं. अशा वेळी ब्लफ करायचा, आणि तो कुठल्या पत्त्यांवर करायचा, याचं एक आख्खं प्रकरण मी वाचलेलं होतं. हेच ते पत्ते. मी सगळ्या चिप्स पुढे ढकलल्या.

ती घावन चघळत स्क्रीनकडे बघत राहिली. मग कॉल दाबलं, माझ्याएवढ्याच चिप्स लावल्या. तिच्याकडे अठ्ठीची जोडी होती. टेबलावर एक्का, राजा, नव्वी असताना अठ्ठीच्या जोडीवर सगळं लावा असं कुठलंही पुस्तक सांगत नाही. माझं मांजर टेबलावरून गेलं. चॅटवर दादाने तिला चौथी जागा दिली आणि बाकीच्यांनी फटाके लावले.

"तुला कसं कळलं?" मी विचारलं.

"काय कसं?"

"की माझ्याकडे काही नाहीये."

"तू लगेच लावलंस ना. खरंच काही असलं की तू किती वेळ घेतेस, जीव जातो माणसाचा. बोलताना पण तसंच. खोटं असलं की झटकन. पहिल्यापासून तशीच आहेस तू."

"हे मलापण ठाऊक आहे गं," मावशी आतून म्हणाली.

मला वाटत होतं, फोनवर मी कोणाला दिसत नाही. ती मांजराच्या चित्रातूनही मला बघत होती. मी तिच्याकडे बघायला लागले. खोटं बोलताना ती काय करते, केसांना हात लावते, आवाज चढवते, काही तरी असेलच. इतक्या वर्षांत समोर बसूनही मला एक गोष्ट आठवेना. ती चॅटवर कोणाला तरी उत्तर लिहीत होती, स्वतःशीच हसत.

"काय बघतेस?" तिने विचारलं.

"काही नाही," मी झटकन म्हणाले.