आमच्या घरात देवाचा फोटो नाही

सगळ्यांत आधी आली ती शेजारची अक्का, मेथीची जुडी घेऊन, गप्पा मारत निवडायला. मागोमाग धरणगावहून माझी सून आणि नात रूथ. बायांनो, पोरीचं तोंड नुसतं फुगलेलं!

सून म्हणाली, "आई, हिची मैत्रीण म्हणते, तुमच्या घरात देवाचा फोटो नाही, म्हणजे तुम्हाला देवच नाही. तेव्हापासून ही प्रार्थनेलाच बसत नाही."

त्या गावात ज्यूंचं यांचं एकच घर. आणि मला कुठं आपला तोरा ग्रंथ वाचता येतो! पण देव एकच आहे म्हणणारी आपली शेमा तेवढी पाठ आहे. रूथला मांडीवर घेतलं आणि उजव्या हातानं डोळे झाकायला लावले.

"मी दिसते का?"

"नाही."

"मग मी नाहीच?"

"आहेस की! तुझ्याच तर मांडीवर बसलेय."

"तसंच गं देवाचं. म्हणून शेमा म्हणताना डोळे झाकायचे."

अक्कानं मेथी बाजूला सारली. "माय, मी बी डोया झाकू का?"

रूथ खुदकन हसली आणि तिनंच शेमा सुरू केली.

तुमची नातवंडं असं विचारतात तेव्हा तुम्ही काय सांगता? रूथ शुक्रवारी, शब्बाथचे, आपल्या विसाव्याच्या दिवसाचे दिवे लागायच्या आत परत येते म्हणालीय. मैत्रिणीच्या आईनं सोडलं तर तिलाही घेऊन.