अन्य नाव: नाही

माझ्या धाकट्या बहिणीचं नाव विजयमाला. हे पहिल्याच ओळीत लिहून ठेवते, कारण तिच्या सासरी हे नाव कुणी कधी तोंडावाटे काढलं नाही, आणि त्यापायी तिचं जे झालं ते आठवलं की आजही माझं डोकं तडकतं.

बुधवार पेठेत आमच्या वडिलांचं, दिगंबर पोंक्षे यांचं, घड्याळांचं दुकान होतं. विजू बी.एस्सी. झाली, मग तिनं रक्त-लघवी तपासण्याचा डिप्लोमा केला. दोन्ही वेळा वडिलांनी गिऱ्हाइकांना पेढे वाटले. सन दोन हजारमध्ये कोथरूडच्या अनंत लेल्यांशी तिचं लग्न झालं. त्यांच्या बहिणीचं नाव विजया. हाका मारताना घोटाळा नको म्हणून सासूबाईंनी ठरवलं, सुनेचं नाव हेमा. ताटात तांदूळ पसरले, अनंतरावांनी अंगठीनं त्यात 'हेमा' लिहिलं, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. ताट मीच धरलं होतं. मीही हसले होते, हे कबूल करते.

नाव तांदळात बदललं, कागदावर रीतसर कुणी बदललं नाही. गॅझेटमध्ये छापून आणायचं असतं, हे कुणाला सुचलं नाही. पुढे पासपोर्टसाठी लग्नाची नोंदणी केली, तेव्हा वधूच्या लग्नापूर्वीच्या नावाच्या रकान्यात अनंतरावांनी बिनदिक्कत लिहिलं, हेमा दिगंबर पोंक्षे. अहो, अशी बाई पृथ्वीवर जन्मलीच नव्हती! माझ्या वडिलांना दोन मुली. एक मी, शालू, आणि एक विजयमाला. ही तिसरी लेल्यांनी रकाना भरायला जन्माला घातली.

दोन हजार अठरा साली विजूनं कॅनडात कायमचं राहायला जायचं मनावर घेतलं. मुख्य अर्जदार तीच. अनंतराव पन्नाशीला टेकलेले, विमा कंपनीत चिकटलेले. कॅनडावाले वय, शिक्षण, नोकरी यांना गुण देऊन माणसं निवडतात, त्यांना कोण गुण देणार? विजूची पदवी, विजूची अठरा वर्षांची नोकरी, विजूची इंग्रजीची परीक्षा. लॅबमधून आल्यावर स्वयंपाक उरकून ही चाळिशीची बाई मुलीच्या टेबलाशी बसून निबंध लिहायची. तिच्या अर्जाला बाकीची तिघं जोडलेली: नवरा, सतरा वर्षांची नीरजा आणि धाकटा श्रीधर.

अर्ज भरायला मात्र अनंतराव बसले. "फॉर्म भरण्यात आपला हात कोण धरणार?" असं म्हणत बसले. 'आजवर वापरलेले अन्य नाव' असा रकाना आला. त्यांनी 'नाही' लिहिलं. बायको पलीकडच्या खोलीत कपड्यांच्या घड्या घालत होती, तिला एक हाक मारून विचारलं नाही. आणि खाली जोडलं काय, तर विजयमाला पोंक्षेचं पदवीचं प्रमाणपत्र! अक्कल गहाण ठेवली होती की काय, देव जाणे.

चार महिन्यांनी पत्र आलं. पासपोर्टवर हेमा, लग्नाच्या दाखल्यावर हेमा, मग ही पदवी कुणाची? तीस दिवसांत खुलासा करा. खुलासा पटला नाही तर खोटी माहिती दिल्याबद्दल पाच वर्षं अर्ज करता येणार नाही.

विजू ते पत्र घेऊन कसब्यात माझ्याकडे आली. पाच वर्षं म्हणजे काय, हे तिनं बोटांवर मोजून सांगितलं. ती पंचेचाळीस होणार, वयाचे गुण शून्य. नीरजा बावीस होणार, मग ती आईच्या अर्जात बसणार नाही. "ताई, आत्ता नाही तर कधीच नाही," ती म्हणाली.

आम्ही दोघींनी विजूच्या तोंडून खुलासा लिहिला: आमच्याकडे लग्नात मुलीचं नाव बदलतात. माझ्या संमतीचा प्रश्न कुणी काढला नाही. लग्नाच्या दाखल्यातलं नाव चूक आहे. फॉर्म पतीनं भरला, मला न विचारता. सोबत तांदळाच्या ताटाचा फोटो, शाळेचा दाखला, आणि ती माझी सख्खी बहीण आहे असं माझं नोटरीपुढचं प्रतिज्ञापत्र.

अनंतरावांनी वाचलं आणि भडकले. "घरातल्या गोष्टी परक्यांपुढे कशाला? आणि दाखल्यात मी खोटं लिहिलं, हे तू लेखी देणार?"

"तुम्ही लिहिलंत ना?"

"पद्धत आहे ती!"

"मग पद्धत आहे असंच लिहिलंय. पाठवा."

अर्जाचं खातं त्यांच्या ईमेलवर. "पाठवलं," ते दोन दिवसांनी म्हणाले.

नकार आला तो विजूनं लॅबमधल्या संगणकावर वाचला, कारण ह्या खेपेला तिनं त्यांच्याकडून पासवर्ड मागून घेतला होता. अधिकाऱ्यानं लिहिलं होतं, विजयमाला हे आपलं लहानपणचं लाडाचं नाव होतं, हा आपला खुलासा विश्वासार्ह वाटत नाही. विद्यापीठ लाडाच्या नावानं पदवी देत नाही. खोटी माहिती. पाच वर्षं.

तिनं पाठवलेला कागद उघडून पाहिला. आमच्या पत्रातलं एक अक्षर त्यात नव्हतं. फोटो नाही, माझं प्रतिज्ञापत्र नाही. स्वतःची एक चूक झाकायला या माणसानं बायकोचं खरं नाव लाडाचं ठरवलं आणि खाली तिची सही चिकटवली. खोटं बोलला तो, खोटारडी ठरली ती! चोर तो चोर, वर शिरजोर. घरी म्हणाला काय, तर "पाच वर्षांनी परत भरू, त्यात काय एवढं."

"बाबा, तेव्हा मी बावीसची असेन," असं म्हणून नीरजा उठून गेली.

विजूनं आरडाओरडा केला नाही. तिनं बोलणंच बंद केलं. कुणी 'हेमा' अशी हाक मारली की ती हातातलं काम करत राही, मान वळवत नसे. आठ दिवसांनी अनंतरावांचा मला फोन आला.

"शालूताई, जरा समजवा हो. घरात कुणाशी बोलत नाही."

"कोण बोलत नाही?"

"अहो, कोण म्हणजे... तुमची बहीण."

"माझ्या बहिणीला नाव आहे, अनंतराव. नाव घ्या, लगेच समजावते."

मी थांबले. चांगली दोन मिनिटं रिसीव्हर कानाला लावून थांबले. पलीकडे सासूबाई मागून "काय म्हणते ती?" असं विचारत होत्या. मग अनंतरावांनी फोन ठेवून दिला.