मिरजगावच्या मोटारीला पुण्याचा काळा चष्मा

अक्काचं कार्ड आलं: "सकाळी समोरचं ऊन येतं, रस्त्यावरचं पाणी चमकतं, ह्यांना पुढचं दिसत नाही. परवा बैलगाडीला धक्का लागला. पुन्हा असं झालं तर मालक मोटार काढून घेणार." ह्यांना म्हणजे आमच्या शांतवन दाजींना, नगर–मिरजगाव सर्व्हिस मोटारीच्या ड्रायव्हरला. दुसरं महायुद्ध संपून वर्ष झालं होतं. मी पुण्याचा, तेव्हा अक्कल सगळी माझ्याकडेच. पाच रुपयांचा काळाकुट्ट चष्मा घेतला. दुकानदाराने पायरीवर उभं करून सूर्याकडे बघायला लावलं. "डोळे दिपले? नाही ना? मग झालं तर!" मला ही परीक्षा फारच शास्त्रीय वाटली.

तुम्हाला जायचं असेल तर पहाटेची मोटार धरा आणि मागच्या बाकावर बसू नका, कंबरडं मोडेल. तिकीट दीड रुपया, चिखल फुकट. सुप्याला चहा मिळतो. त्याला चहा म्हणायचं की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा. मी ऐटीत चष्मा लावून बसलो होतो. केडगावला पाय मोकळे करायला उठलो, तर शेजारच्या बाईंनी आंधळा समजून मला हाताला धरून उतरवलं. काय म्हणावं या लोकांना!

नगरला दाजी घ्यायला आले होते. घरी जाताना वाटेत जुना बाजार लागला. पलटनीच्या बादल्या, बूट, घोंगड्या, सगळी लढाईची अडगळ. तिथे वाळवंटातल्या लढाईतून परतलेला एक शिपाई फिकट तपकिरी चष्मे विकत होता.

"याला पोलराइज्ड म्हनत्यात. पान्यावरनं जी चमक आडवी डोळ्यात येती, ती ही काच आडवती."

"ह्यातून तर तुमचे डोळे दिसतात! सरबत आहे का हे?"

"काळं म्हंजी चांगलं न्हाई, साहेब. काळ्या काचंमागं बाहुली मोठी हुती. काच साधी आसली तर नको ती किरनं उलट जास्त आत जात्यात. पलटनीतल्या डाक्टरनं सांगितलं हुतं. अन् कंचाबी घाला, सूर्याकडं बघायचं न्हाई."

बादल्यांच्या ढिगाऱ्यात बसून हा मला शास्त्र शिकवणार! दाजी तिथे घुटमळत होते. मी त्यांना ओढूनच नेलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मिरजगावच्या मोटारीत माझा काळा चष्मा दाजींच्या डोळ्यांवर चढवून मी शेजारी बसलो. समोर ऊन, रस्ताभर साचलेलं पाणी.

"कसं वाटतंय?"

"गार वाटतंय. पर चमक हायेच की, पाव्हनं."

"सवय नाही तुम्हाला," मी म्हणालो.

पुढे वडांची दाट सावली आली. सावलीत काळी काच! मागून कुणीतरी ओरडलं, "आरं, म्हातारी!" दाजींनी करकचून ब्रेक दाबला. मोटारीपुढे हातभर अंतरावर एक म्हातारी शेळीचं दावं धरून उभी होती.

"डोळं फुटलं का रं?" तिने विचारलं.

दाजींनी माझा चष्मा काढला आणि खिशातून रुमालात गुंडाळलेला तो तपकिरी चष्मा बाहेर काढला. काल संध्याकाळीच गुपचूप दोन रुपयांना आणला होता!

"घेतला होतात, तर घातला का नाही?"

"तुमी पुन्याहून आनल्याला. बायकूच्या भावाचा आहेर हाय. तुमच्यासमूर काडून ठिवायचा कसा?"

पुढच्या डबक्यापाशी त्यांनी मला त्यातून बघायला दिलं. चमक गायब! पाण्याखालचे दगड, बैलांच्या खुरांचे खड्डे, सगळं दिसत होतं. चष्मा उभा फिरवला की चमक परत.

"त्या शिपायानं दोन काचा एकीवर एक आडव्या-उभ्या धरल्या, तर पार अंधार झाला," दाजी म्हणाले. "आशी परीक्षा आसती."

मिरजगावला कुळथाची शेंगोळी जरूर खा. मी माझी दाजींच्या ताटात वाढली.

दाजींची मोटार आजही चालू आहे. यात माझ्या शहाणपणाची कामगिरी शून्य. पुण्याला आलो तो थेट त्या दुकानात गेलो आणि झालेला प्रकार सांगितला. दुकानदार म्हणाला, "आणा, अर्ध्या किमतीत परत घेतो. उद्याच एक ट्रकवाला यायचाय."

ज्या पायरीवर उभा राहून मी सूर्याकडे पाहिलं होतं, त्याच पायरीवर चष्मा ठेवला आणि वर टाच दिली.

"अहो, वेडे आहात का?" तो किंचाळला.

"होतो," मी म्हणालो.