सुगंधामावशी आणि उन्हाचं पाणी

आमच्या नवघरच्या गल्लीत कोणाकडे बाळ आलं की सुगंधामावशीचा बंब पेटायचा. तांब्याचा, पोटात कोळशाची नळी, आणि धूर असा की समोरच्यांचे वाळत घातलेले शर्टही खोकतील. पाणी तापलं की मावशी पाय पसरून बसायची, पायांवर बाळ पालथं घ्यायची आणि सुरू व्हायची, "रड मेल्या, रड! गळा मोकळा होंदे!" गल्लीतली निम्मी पोरं तिच्या नडग्यांवरूनच उतरलीत. मीसुद्धा. रत्नागिरीहून लग्न करून आलेल्या बाईचा इथे एवढाच काय तो मान.

मग समोरच्या मृणालिनीकाकूंनी गच्चीवर सोलर बसवला. "ऍक्च्युअली ना, कोळसा जाळणं आता बरं नाही," मान तिरकी करून त्या सगळ्यांना सांगायच्या. सगळे माना वर करून गच्ची बघायचे. मावशीच्या बंबाकडे कोणी बघेना. तिला ते झोंबलं.

"उन्हाचं पाणी गो ते! कोमट. मासळी धुवायला बरं." दूधवाल्याला तेच हिंदीत, "उस पानी में दम नहीं है, भैया!"

त्यात काकूंची इशिता बाळंत होऊन माहेरी आली. मावशी रोज दारात उभी. आपल्याला बोलावतात, की दुसरी बाई ठेवतात?

बोलावलं. पण काकू म्हणाल्या, "बंब नको हं मावशी. बाळाला धूर सोसत नाही. पाणी आमचंच घ्या."

मावशीचा चेहरा उतरला. तरी गेली. नसती गेली तर त्या पाटावर दुसरी कोणी बसली असती.

काकूंनी सोलरच्या नळाखाली बादली भरली आणि गार पाण्याची कळशी उचलली. "विसण घालू ना?"

"ह्यात विसण? कोमटात गार ओतून पोराला सर्दी करतेस काय?" म्हणत मावशीने ऐटीत कोपर बादलीत बुडवलं.

ते ज्या वेगाने बाहेर आलं! डोळ्यांत पाणी, ओठ घट्ट.

"काय झालं, मावशी?"

"काय नाय. कोमटच हाय."

"मग घ्या बाळाला," म्हणत इशिताने बाळ पुढे केलं.

मावशीने बाळाकडे पाहिलं, मग वाफाळणाऱ्या बादलीकडे. हात पुढे होईनात. दारात आम्ही पोरी श्वास रोखून उभ्या.

"थांब गो!" मावशी ओरडली. "कढत हाय मेलं! घाल विसण. आणखी घाल!"

"कोमटात?" काकूंनी इतक्या गोड आवाजात विचारलं, की तो आवाज मला अजून हुबेहूब काढता येतो.

पाणी कोपराला पटल्यावरच मावशीने बाळ पायांवर घेतलं, आणि ते भोकाड पसरून रडलं. तेवढ्याने तिला जरा बरं वाटलं.

निघताना उद्या कधी येऊ, ते विचारून घेतलं. मग रस्त्यात थांबून तिने आधी समोरची लखलखती गच्ची पाहिली, नंतर आपल्या घराच्या, सावलीत पडलेल्या पत्र्याकडे नजर टाकली.

"ऊन पण मेलं माणसं बघून पडतं," ती म्हणाली.