सासरे कोर्टाबाहेर थांबले होते

मित्रांनो, आज दुपारी गोंदियाच्या कोर्टात माझा घटस्फोट झाला.

बाहेर आलो तर सासरे माझ्या गाडीजवळ उभे. वाटलं, आता शिव्या खाव्या लागणार.

ते म्हणाले, "जवाईबापू, जेवले काय?"

मी नाही म्हणालो. त्यांनी मला समोरच्या टपरीवर नेऊन आलूबोंडा खायला लावला.

"तुमचं दोघांचं जमलं नाही. मी कोनाची चूक काढून राहिलो नाही. पन घरी कडी लावून बसू नका. कोनासंग तरी बोला. मले फोन केला तरी चालते."

वर्षभर कुणासमोर न रडलेला मी तिथे ढसाढसा रडलो. माझं रडणं थांबेपर्यंत ते शेजारी बसून राहिले.

घरी येऊन दरेकसा गावातल्या मित्राला फोनवर पहिल्यांदाच सगळं सांगितलं. तो उद्या येतोय.

तुमच्या ओळखीत असा गप्प झालेला कुणी आहे का? त्याच्याजवळ आज कोण बसलंय?